हॅमरवाल्या पिस्तुलाचा ट्रिगर सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न नेमबाजांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. काही रेंजवर विचारले गेले, काही फोनवर, आणि बरेचसे पार्ट्सची पुडी हातात पडल्यानंतर. मागवण्याआधी हे वाचलंत तर पैसे वाचतील, आणि क्वचित एखादा अपघातही टळेल.

आधी एका शब्दाचा खुलासा. मराठीत ‘घोडा’ ट्रिगरलाही म्हणतात आणि हॅमरलाही. ‘घोडा दाबला’ म्हटलं की ट्रिगर, ‘घोडा चढवला’ म्हटलं की हॅमर. गप्पांमध्ये ते चालून जातं, पण पार्ट बदलताना याच गोंधळातून चुकीचा भाग मागवलेला मी पाहिला आहे. म्हणून या पानावर बोटाखाली येतो तो ट्रिगर, आणि पाठीमागून झेपावून फायरिंग पिनवर (काडतुसाला ठोका देणाऱ्या सळईवर) आदळतो तो हॅमर.

पुढचं काहीही करून पाहण्याआधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघा, मग बोट घालून चाचपा. काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका. प्रत्येक उत्तरात हे पुन्हा लिहिलेलं नाही, पण ते प्रत्येक उत्तराला लागू आहे.

१. माझं पिस्तूल हॅमरवालं आहे की स्ट्रायकरवालं, हे कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा स्लाइडच्या मागे पाहिलं की कळतं. सीझेड ७५, बेरेटा ९२, सिग पी२२६, ब्राउनिंग हाय-पॉवर, १९११ या सगळ्यांचा हॅमर मागे उघडा दिसतो. ग्लॉकला हॅमर नसतोच, आत स्प्रिंगवर ताणलेला स्ट्रायकर, म्हणजे सरळ पुढे धावून काडतुसाला ठोका देणारा भाग, असतो. फसवी उदाहरणंही आहेत. कोल्टच्या १९०३ च्या पॉकेट मॉडेलच्या नावातच ‘हॅमरलेस’ आहे, पण त्याचा हॅमर स्लाइडच्या आत झाकलेला असतो. शंका असेल तर मॅन्युअलमधली आकृती पाहा. स्ट्रायकरवाल्या पिस्तुलाची यंत्रणा वेगळी असते, या पानावरचा सल्ला तिला जसाच्या तसा लावू नका.

२. चांगला ट्रिगर म्हणजे हलका ट्रिगर, असंच ना?

नाही. याच गैरसमजातून सगळ्यात जास्त पिस्तुलं बिघडतात.

ट्रिगर सावकाश ओढून पाहा. सुरुवातीला बोट सैल प्रवास करतं. मग एका जागी भिंत लागल्यासारखं वाटतं. तिथून दाब वाढवत गेलं की हॅमर सुटतो. भिंत लागल्यावरही ट्रिगर करकरत थोडा थोडा सरकत असेल तर त्याला क्रीप म्हणतात. हॅमर सुटल्यानंतर ट्रिगर आणखी मागे जातो तो ओव्हरट्रॅव्हल. आणि बोट पुढे सोडताना ‘टिक्’ होऊन ट्रिगर पुढच्या गोळीसाठी तयार होतो ती जागा म्हणजे रिसेट.

नेम बिघडवण्यात वजनापेक्षा क्रीप आणि ओव्हरट्रॅव्हल यांचा हात जास्त असतो. काच तुटावी तसा एकदम सुटणारा साडेचार पौंडांचा ट्रिगर हा अडखळत सुटणाऱ्या तीन पौंडांच्या ट्रिगरपेक्षा कितीतरी चांगला, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या ट्रिगरला बोटाला ठाऊक असतं की दाब कुठे वाढवायचा. दुसऱ्याला हॅमर कधी सुटेल याचा अंदाजच येत नाही, आणि त्या अंदाजाच्या नादात मनगट हलतं.

३. सिंगल ॲक्शन आणि डबल ॲक्शन यात सुधारणा वेगवेगळी होते का?

हो. सिंगल ॲक्शनमध्ये हॅमर आधीच चढलेला असतो, ट्रिगर फक्त सिअरला (चढलेल्या हॅमरला अडवून धरणाऱ्या खटक्याला) हॅमरच्या खाचेतून बाहेर काढतो. डबल ॲक्शनमध्ये ट्रिगरच हॅमर मागे चढवतो आणि मग सोडतो. म्हणून डबल ॲक्शनचं वजन मुख्यतः हॅमर स्प्रिंगवर ठरतं, तर सिंगल ॲक्शनची चव सिअर आणि हॅमरच्या खाचेवर. सीझेड ७५, बेरेटा ९२, पी२२६ यांत पहिली गोळी डबल आणि पुढच्या सिंगल अशी पद्धत आहे. १९११ आणि हाय-पॉवर फक्त सिंगल ॲक्शनवर चालतात.

तुमची तक्रार नेमकी कुठल्या ओढीबद्दल आहे हे आधी ठरवा. पहिली गोळी खाली जाते म्हणून सिअर बदलणाऱ्याचे पैसे वाया जातात.

४. ट्रिगरचं वजन घरी कसं मोजायचं?

ट्रिगर गेज मिळतो, स्प्रिंगचा किंवा डिजिटल. त्याचा हूक दर वेळी ट्रिगरच्या त्याच जागी लावा, कारण टोकाकडे लावला तर आकडा कमी येतो आणि पिनजवळ लावला तर वाढतो. सरळ मागे, सावकाश ओढा. एका मोजणीवर विसंबू नका. दहा वेळा मोजा आणि सरासरी काढा. दहा आकड्यांमध्ये फार तफावत असेल तर तीच खरी माहिती आहे: काहीतरी घासतंय किंवा झिजलंय.

स्पर्धेत तपासणी बहुधा वजनं लटकवून होते. नळी उभी धरायची, वजन ट्रिगरच्या मध्याजवळ अडकवायचं, आणि हॅमर न सुटता ते टेबलावरून उचललं गेलं पाहिजे. पार्ट्सच्या जाहिरातींत पौंड असतात. १ पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.

५. सगळ्यात आधी काय बदलू?

काहीच नाही. आधी पिस्तूल नीट साफ करा. सिअरभोवती जमलेली काजळी आणि घट्ट झालेलं जुनं तेल काढलं की अनेकांची तक्रार तिथेच मिटते. सिअर आणि हॅमर जिथे एकमेकांना टेकतात तिथे ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. मग काही आठवडे रोज ड्राय फायर करा, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढून सराव करा (.२२ पिस्तूल असेल तर आधी प्रश्न १८ वाचा). नवीन पिस्तुलाचे भाग त्याने एकमेकांवर बसतात, आणि तुमचं बोटही तयार होतं. त्यानंतरही तक्रार राहिली तर स्प्रिंगकडे वळा. स्प्रिंग स्वस्त असते, आणि आवडली नाही तर जुनी परत लावता येते. सिअर, हॅमर, डिसकनेक्टर (एका ओढीत एकच गोळी सुटावी म्हणून ट्रिगर आणि सिअरचा संबंध तोडणारा भाग) हे सगळ्यात शेवटी.

६. हॅमर स्प्रिंग किती हलकी लावावी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

हॅमर स्प्रिंगचं खरं काम फायरिंग पिनला इतका जोर देणं की प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठोक्याने पेटणारी टोपी) दर वेळी पेटलाच पाहिजे. ट्रिगर जड किंवा हलका लागणं हा त्या कामाचा दुष्परिणाम. कारखाना स्प्रिंग मुद्दाम जड ठेवतो, कारण ते पिस्तूल थंडीत, धुळीत, कडक प्रायमरच्या काडतुसांवर, वर्षानुवर्षं न उघडता चालावं लागतं. हलकी स्प्रिंग लावताना आपण त्याच शिलकीतून खर्च करत असतो.

बेरेटा ९२ चं उदाहरण घ्या. त्याची मूळ स्प्रिंग २० पौंडांची. कारखान्याचीच ‘डी’ स्प्रिंग १६ पौंडांची आहे, जी फक्त डबल ॲक्शनवर चालणाऱ्या ९२डी मॉडेलसाठी होती. ती लावली की डबल ॲक्शन ओढ जाणवण्याइतकी सुधारते, आणि कारखान्याच्या काडतुसांवर ती सहसा दगा देत नाही. ९२ वाल्या प्रत्येकाला मी पहिली हीच सुचवतो. सीझेड ७५ साठी बाजारात ११.५ पौंडांपर्यंतच्या स्प्रिंगा मिळतात. साडेअकराची स्प्रिंग मऊ प्रायमर वापरणाऱ्या, आपली काडतुसं पारखून घेणाऱ्या स्पर्धकासाठी ठीक. हाताला येईल ते काडतूस वापरणाऱ्याने १५ च्या आसपास थांबावं.

मी स्वतः एका हंगामात सगळ्यात हलकी स्प्रिंग लावून बसलो होतो. सरावात एकही काडतूस अडलं नाही. स्पर्धेत दुसऱ्या लॉटची काडतुसं मिळाली आणि पहिल्याच फेरीत दोनदा नुसती ‘टक्’. त्यानंतर माझा नियम असा आहे: चालणारी सगळ्यात हलकी स्प्रिंग शोधायची, आणि तिच्याहून एक पायरी जड लावायची.

७. स्प्रिंग बदलल्यावर काही काडतुसं पेटत नाहीत. दोष कुणाचा?

ते काडतूस बाहेर काढून प्रायमरवरचा ठसा पाहा. पण घाई करू नका. ‘टक्’ झाल्यावर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, काडतूस उशिरा पेटण्याची शक्यता असते.

ठसा उथळ असेल तर जोर कमी पडतोय. ठसा नेहमीसारखा खोल आणि मधोमध असेल तर बहुधा काडतूसच खराब. तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला पेटत असेल तर आणखी एक शक्यता असते, विशेषतः घरी भरलेल्या काडतुसांत: प्रायमर पूर्ण खोल बसलेला नाही. पहिला ठोका त्याला आत बसवण्यात जातो, दुसरा पेटवतो.

प्रायमरमध्येही मऊ-कडक असा फरक असतो. फेडरलचे प्रायमर मऊ म्हणून नेमबाजांत प्रसिद्ध आहेत, सीसीआयचे कडक म्हणून, आणि लष्करी काडतुसांचे बहुधा कडकच. थोडी लांब फायरिंग पिन बसवून काही मॉडेल्समध्ये हा प्रश्न सोडवतात, पण ती तुमच्याच मॉडेलसाठी बनलेली असली पाहिजे. फायरिंग पिनची स्प्रिंग हलकी करून जोर वाचवायचा प्रयत्न मात्र करू नका. पिस्तूल पडलं तर पिनला मागे धरून ठेवणारी तीच असते.

८. हॅमर स्प्रिंग हलकी केल्यापासून रिकाम्या पुंगळ्या खूप लांब उडतात. याचा काही संबंध आहे?

आहे, आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. गोळी सुटल्यावर स्लाइड मागे येते तेव्हा हॅमर चढवण्याचं कामही तीच करते. म्हणजे हॅमर स्प्रिंग स्लाइडला थोडा ब्रेक लावत असते. ती हलकी झाली की स्लाइड लवकर उघडते आणि जास्त वेगाने मागे येते. पुंगळी लांब उडणं, हाताला धक्का तीक्ष्ण लागणं ही त्याचीच लक्षणं. रिकॉइल स्प्रिंगही (स्लाइडला परत पुढे आणणारी) तुम्ही हलकी केली असेल तर फ्रेमवर मार बसतो. १९११ मध्ये मूळ हॅमर स्प्रिंग २३ पौंडांची आणि पाच इंची नळीच्या .४५ ला रिकॉइल स्प्रिंग १६ पौंडांची असते. ही जोडी विचार करून बसवलेली आहे. एक बदलली की दुसरी तपासा.

९. ट्रिगर परत आणणारी स्प्रिंग हलकी केली तर?

ओढ थोडी हलकी होते, पण ट्रिगर आळशासारखा परत येतो. भरभर गोळ्या झाडणाऱ्याचं बोट रिसेटच्या पुढे धावतं आणि मग ट्रिगर ‘मेलेला’ लागतो. फायद्याच्या मानाने तोटा मोठा, म्हणून मी ती हलकी करत नाही.

बदलायची मात्र वेळच्या वेळी. सीझेड ७५ आणि बेरेटा ९२ या दोन्हींत ही स्प्रिंग तुटण्यासाठी प्रसिद्ध आहे. ती तुटली की ट्रिगर लोंबकळतो आणि दिवस तिथेच संपतो. एक जादा स्प्रिंग पेटीत कायम असू द्या.

१०. मी घरीच पॉलिश करू का? व्हिडिओत तर सोपं दिसतं.

कुठे करायचं ते कळलं तर थोडं करता येतं. ट्रिगर बारचा (ट्रिगरची ओढ सिअरपर्यंत नेणाऱ्या पट्टीचा) जो पृष्ठभाग फ्रेमला घासत जातो, हॅमर स्प्रिंगचा दांडा, डिसकनेक्टरच्या सपाट बाजू, इथे १००० ते २००० नंबरच्या बारीक कागदाने चमक आणली तर खरखर कमी होते. चमक आली की थांबा, धातू कमी करायचा नाही. कडा गोल होऊ देऊ नका.

सिअरचं टोक आणि हॅमरची खाच यांना हात लावू नका. बऱ्याच पिस्तुलांत या भागांचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो. तो घासून गेला की खालचा मऊ धातू उघडा पडतो. त्या दिवशी ट्रिगर अप्रतिम लागतो, आणि पुढच्या काही शेकडो गोळ्यांत कोन बदलत बदलत एक दिवस हॅमर थांबतच नाही. १९११ च्या हॅमरच्या खाचेची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर ठेवतात. हातात कानस आणि डोळ्यांवर साधा चष्मा घेऊन तो कोन कुणाला राखता येत नाही. त्यासाठी स्टोनिंग जिग (भाग ठराविक कोनात धरून घासण्याचा साचा), मोठं करून दाखवणारं भिंग आणि अनुभवी आर्मरर (शस्त्र दुरुस्त करणारा कारागीर) लागतो. रोटरी टूल तर या कामाच्या आसपासही नको.

११. सिंगल ॲक्शनमध्ये ट्रिगर ओढताना हॅमर सुटण्याआधी किंचित मागे जातो. हा बिघाड आहे का?

नाही. खाच आणि सिअरचा कोन असा ठेवलेला आहे की सिअर बाहेर पडण्यासाठी हॅमरला किंचित मागे ढकलावं लागतं. बोट सोडलं तर हॅमर स्प्रिंगच सिअरला परत खाचेत ओढते. सीझेड ७५ च्या मूळ हॅमरमध्ये हे डोळ्यांना दिसतं. वजन त्याने वाढतं, पण सुरक्षेची गादीही तीच. बाजारातले हॅमर ही हालचाल कमी करतात, म्हणून त्यांचा ट्रिगर स्वच्छ लागतो. ती पूर्ण शून्यावर आणू नये. आणि ओढताना हॅमर किंचितही *पुढे* सरकत असेल तर ते पिस्तूल भरू नका. त्याचा कोन उलटा झाला आहे.

१२. ‘ड्रॉप-इन’ किट म्हणजे बसवलं की झालं?

स्प्रिंगांच्या बाबतीत बहुतेक हो. सिअर, हॅमर, डिसकनेक्टरच्या बाबतीत नाही. दोन पिस्तुलांच्या फ्रेममधली पिनांची छिद्रं अगदी एकाच जागी नसतात, आणि इथे केसाएवढ्या फरकाने खेळ बदलतो. एका पिस्तुलात एक सेट सुरेख चालतो आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्यात सेफ्टी लागत नाही, असं मी पाहिलं आहे. सिअर बदलला की सेफ्टीचा खटका त्याच्याशी जुळवून घ्यावाच लागतो. किट निवडताना हॅमर, सिअर आणि डिसकनेक्टर एकाच उत्पादकाचे, एकत्र जुळवलेले घ्या. बसवून झाल्यावर प्रश्न १५ मधली तपासणी करा.

१३. सपाट ट्रिगर की वळणदार? आणि ओव्हरट्रॅव्हल स्क्रू किती घट्ट करायचा?

आकार हा हाताचा प्रश्न आहे. बोटं आखूड असतील तर डबल ॲक्शनला जवळ येणारा ट्रिगर खूप फरक पाडतो. सपाट ट्रिगरवर बोट खाली लागलं तर ओढ हलकी वाटते, वर लागलं तर जड.

स्क्रूबद्दल मात्र सांभाळा. पूर्ण आत फिरवून, मग हॅमर सुटायला लागेपर्यंत सोडत आणण्याची पद्धत बरोबर आहे, पण तिथेच थांबू नका. आणखी पाव ते अर्धा फेरा सोडा. नाहीतर सुटताना हॅमरची अर्धी खाच (हॅमर चुकून घसरला तर त्याला मध्येच अडवणारी) सिअरच्या टोकाला घासत जाते, किंवा मळ साचला की ट्रिगर पुरेसा मागेच जात नाही. मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू जागचा हलू न देणारा चिकट द्रव) लावा. गोळ्यांच्या धक्क्याने हा स्क्रू आपसूक आत सरकतो, आणि पिस्तूल ऐन वेळी मुकं होतं.

१४. फायरिंग पिन ब्लॉक काढला तर ट्रिगर खूप सुधारतो म्हणतात. काढू का?

नका काढू.

ट्रिगर पूर्ण ओढेपर्यंत फायरिंग पिनला अडवून ठेवणं हे या ब्लॉकचं काम. पिस्तूल नळीवर आपटून पडलं तरी पिन पुढे जाऊ नये म्हणून तो असतो. तो उचलायला ट्रिगरला थोडं जास्तीचं काम पडतं हे खरं आहे. म्हणूनच सीझेडच्या एसपी-०१ मध्ये ब्लॉक आहे आणि त्याच्याच शॅडो या स्पर्धेच्या रूपात तो नाही. १९११ मध्येही कोल्टच्या ८० मालिकेत, म्हणजे १९८३ पासून, तो आला, आणि ७० मालिकेची ओढ बरी म्हणणारे तेव्हापासून आहेत.

पण शॅडो मुळातच ब्लॉकशिवाय बनवलेलं पिस्तूल आहे. ब्लॉकवाल्या पिस्तुलातून तो काढणं म्हणजे त्याच्या सुरक्षेचा एक हिशेब पुसून टाकणं. तुम्हाला ब्लॉक नसलेला ट्रिगरच हवा असेल तर तसं मॉडेल घ्या. आहे त्या पिस्तुलात ब्लॉकच्या लिव्हरचे घासणारे पृष्ठभाग गुळगुळीत करून घेतले तरी बराचसा फायदा मिळतो.

१५. पार्ट बसवून झाल्यावर काय काय तपासायचं?

रिकाम्या पिस्तुलावर, याच क्रमाने. एकही पायरी चुकली तर पिस्तूल भरायचं नाही.

हॅमर चढवा. ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने हॅमर पुढे ढकला, चांगला जोर लावून. तो पडता कामा नये.

ट्रिगर ओढून धरा आणि तसाच धरून स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा. हॅमर चढलेलाच राहिला पाहिजे. आता बोट सावकाश सोडा, रिसेटची टिक् यायला हवी, आणि पुन्हा ओढल्यावर हॅमर सुटायला हवा. हे निदान वीस वेळा करा. नाजूक जुळणी केलेल्या १९११ वर रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडत राहू नका, सिअरच्या टोकाला मार बसतो. हाताने पुढे न्या.

स्लाइड काही मिलिमीटर मागे धरून ट्रिगर ओढा. स्लाइड पूर्ण मिटलेली नसताना हॅमर सुटू नये.

सेफ्टी असेल तर हॅमर चढवून ती लावा, ट्रिगर नेहमीपेक्षा जोरात ओढा, ट्रिगर सोडा, मग सेफ्टी काढा. हॅमर जागचा हलू नये. १९११ वर इथे आणखी एक बारीक परीक्षा आहे: सेफ्टी काढल्यावर पिस्तूल कानाशी नेऊन हॅमर अंगठ्याने किंचित मागे ओढा. बारीकशी ‘टिक्’ ऐकू आली तर सेफ्टी लागलेली असतानाही सिअर सरकला होता, आणि तो आता जागेवर बसला. हे चालणार नाही, सेफ्टी पुन्हा जुळवून घ्या.

डीकॉकर (चढलेला हॅमर गोळी न सोडता उतरवणारा खटका) असेल तर तो वीस-पंचवीस वेळा वापरा. हॅमर दर वेळी त्याच जागी थांबतो का पाहा.

फायरिंग पिन ब्लॉकसाठी स्लाइड उतरवा. फायरिंग पिन मागून बारीक पंचने दाबा. ब्लॉकचा खटका न दाबता तिचं टोक पुढे येता कामा नये. खटका दाबल्यावर सहज यायला हवं. मग स्लाइड चढवून, ट्रिगर पूर्ण ओढल्यावर ब्लॉक उचलला जातो का ते पाहा. बेरेटा ९२ मध्ये तो स्लाइडच्या वरून वर येताना दिसतो.

यानंतर रेंज. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एक काडतूस, मग दोन. दोन-दोनच्या दहा-पंधरा फेऱ्या झाल्याशिवाय मॅगझिन पूर्ण भरू नका. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

१६. एकदा ट्रिगर ओढला आणि दोन गोळ्या सुटल्या. आता काय?

तिथेच थांबा. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, आणि आर्मररने पाहीपर्यंत ते पिस्तूल भरू नका. “एकदाच झालं” म्हणून पुढे चालू ठेवू नका.

स्लाइड जोरात मिटते तेव्हाच्या धक्क्याने सिअर खाचेतून निसटतो, हे याचं नेहमीचं कारण. खाच उथळ, कोन चुकलेला, सिअर स्प्रिंग फार हलकी, यापैकी काहीतरी असतं. बोट नीट मागे न धरल्यामुळे धक्क्याने ट्रिगर दुसऱ्यांदा दाबला जाणं हेही फार हलक्या ट्रिगरवर होतं. दोन्हींत फरक करण्याचा प्रयोग भरलेल्या पिस्तुलावर करू नका. दुसरी गोळी धक्क्याने नळी वर उचललेली असताना सुटते, म्हणजे ती कुठे जाईल याचा भरवसा नसतो. शिवाय एका ओढीत एकाहून अधिक गोळ्या झाडणारं शस्त्र कायद्यात वेगळ्या आणि कडक वर्गात मोडू शकतं.

१७. स्पर्धेसाठी किती हलका ट्रिगर चालतो?

प्रकारावर अवलंबून आहे. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरच्या पिस्तूल प्रकारांना किमान १००० ग्रॅम लागतात. ५० मीटर पिस्तुलाला वजनाची अट नाही. आयपीएससीच्या (प्रॅक्टिकल शूटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) प्रॉडक्शन विभागात पहिल्या गोळीला किमान २.२७ किलो किंवा प्रत्येक गोळीला किमान १.३६ किलो, आणि उघडा हॅमर असेल तर सुरुवातीला तो उतरवलेला असावा लागतो. कुठले पार्ट चालतात याचेही विभागवार नियम आहेत आणि ते बदलत असतात, म्हणून पार्ट मागवण्याआधी चालू वर्षाचं नियमपुस्तक उघडा.

किमान मर्यादेच्या अगदी काठावर ट्रिगर लावू नका. स्प्रिंग वापराने थोडी सैलावते आणि तपासणीच्या टेबलावर दहा ग्रॅमनेही बाद होता येतं. पन्नासेक ग्रॅम हात राखून ठेवा.

१८. माझं पिस्तूल .२२ चं आहे. ड्राय फायर करू का?

मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असेल तरच. रिमफायर काडतुसाला पिन कडेवर ठोका देते. काडतूस नसेल तर ती पिन चेंबरच्या कडेवर आदळू शकते, आणि तिथे खळगा पडला की काडतूस नीट आत जात नाही. स्नॅप कॅप (सरावासाठीचं खोटं काडतूस) वापरा. सेंटरफायर पिस्तुलांना (ज्यांची पिन काडतुसाच्या मधोमध ठोका देते) सहसा त्रास नसतो, पण सीझेड ७५ मध्ये फायरिंग पिन अडवणाऱ्या रोल पिनला मार बसतो, म्हणून तिथेही स्नॅप कॅप बरी.

१९. हाय-पॉवरचा ट्रिगर खरखरीत लागतो. मॅगझिन सेफ्टी काढावी का?

आधी मॅगझिनकडे पाहा. १९३५ च्या या रचनेत ट्रिगरला जोडलेला एक छोटा दट्ट्या मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर घासत जातो. मॅगझिन आत नसेल तर गोळी सुटू नये, यासाठी ती सोय आहे. खरखर तिथूनच येते. मॅगझिनची ती पट्टी आणि दट्ट्याचं टोक आरशासारखं गुळगुळीत करा, आणि मग ठरवा. सेफ्टी काढण्याबद्दल माझं मत प्रश्न १४ मध्ये ब्लॉकबद्दल आहे तेच.

२०. स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलात हे सगळं करावं का?

स्वच्छता, ताज्या स्प्रिंगा, हाताला बसणारा ट्रिगर, एवढं करा. त्यापुढे नको. घाबरलेल्या माणसाच्या बोटांचा जोर त्याला स्वतःला कळत नाही. एक हात दचकून आवळला की दुसऱ्या हाताची बोटंही आवळतात. डबल ॲक्शनची लांब, जड ओढ अशा वेळी तुमच्या बाजूने असते. तिथे प्रत्येक प्रायमर पेटणं महत्त्वाचं, म्हणून हॅमर स्प्रिंग कारखान्याचीच राहू द्या.

२१. हे काम स्वतः करणं कायदेशीर आहे का?

हे जागेजागी बदलतं. कुठे स्प्रिंग बदलणंही परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्यावं लागतं, कुठे मालकाला मोकळीक असते, कुठे सुटे भाग मागवायलाच परवाना लागतो. तुमच्या परवान्याच्या अटी वाचा आणि परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा. दुकानदार काय म्हणतो यावर जाऊ नका. कारखान्याची वॉरंटीही बहुधा संपते, तेही आधी पाहा.

२२. जुने पार्ट काय करू?

प्रत्येक पार्ट वेगळ्या पिशवीत, वर नाव, काढल्याची तारीख आणि तोपर्यंत झाडलेल्या गोळ्यांचा अंदाज लिहून ठेवा. पिस्तूल विकताना मूळ पार्ट बसवून द्या, किंवा बदल लिहून द्या. आणि बदललेल्या पिस्तुलाच्या पेटीत झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: कुठली स्प्रिंग, किती पौंडांची, कुठल्या काडतुसांवर तपासलेली. दोन वर्षांनी ती पेटी तुम्हीच उघडाल तेव्हा तुम्हाला आठवत नसेल. आणि तुमच्या मागे ती दुसऱ्या कुणी उघडली तर त्याला तर काहीच माहीत नसेल.